पंडिता रमाबाई आणि मिटलेलें दार



पालघर, बोईसर व तारापूर ह्या भागांतील मंडळ्यांत जातां-येतां एक गोष्ट आमच्या नजरेस वारंवार पडते. पाड्यावरच्या एखाद्या घरीं बारावी उतरलेला हुशार मुलगा असतो. पण त्यास कमी ऐकूं येतें. दुसऱ्या घरीं मुलगी असते. तिचे पाय अधू असतात, किंवा तिला फळ्यावरचें दिसत नाहीं. मुलांच्या बुद्धीविषयीं कोणाची तक्रार नसते. तरी महाविद्यालयाची गोष्ट निघाली म्हणजे आईबाप मान खालीं घालतात, आणि मंडळींतील वडील माणसें, कधीं कधीं उपदेशक सुद्धां, देवाची इच्छा असें म्हणून विषय मिटवितात. देवाची इच्छा काय आहे हें ठरविण्याची आपण फार घाई करितों, असें आम्हांस वाटतें. म्हणून आज आम्ही एका बाईंचें चरित्र सांगत आहों. त्यांचें नांव आपल्या प्रत्येक मंडळींत ठाऊक आहे. पण त्यांच्या आयुष्याची ही एक बाजू फारशी कोणी सांगत नाहीं. पंडिता रमाबाई ऐन तारुण्यांत कानांनीं अधू झाल्या होत्या, आणि त्या स्थितींतच त्या एका मोठ्या विद्यालयांत शिकल्या.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजीं सह्याद्रीच्या रानांत, गंगामूळ नांवाच्या ठिकाणीं झाला. हें स्थान आजच्या कर्नाटक राज्यांत आहे. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे संस्कृतज्ञ होते. स्त्रियांनीं संस्कृत शिकूं नये असा त्या काळचा दंडक होता. शास्त्रीबोवांनीं तो मोडला आणि आपली पत्नी लक्ष्मीबाई यांस संस्कृत शिकविलें. पुढें त्याच माउलीनें रमाबाईंस शिकविलें. घरदार सोडून तीर्थोतीर्थीं हिंडणारें तें कुटुंब. त्यास शाळा कोठली आणि वर्ग कोठला? पहांटे, कामाची धांदल सुरू होण्यापूर्वीं, आईनें म्हणावें आणि लेंकीनें तें ऐकून पाठ करावें, असा तो अभ्यास. ह्या रीतीनें त्यांस भागवताचे हजारों श्लोक मुखोद्गत झाले. वाचकांनीं ही गोष्ट ध्यानांत ठेवावी. रमाबाईंची पहिली शाळा म्हणजे त्यांचे कान. जी विद्या त्यांस मिळाली ती कानांच्या वाटेनें मिळाली, आणि पुढें नेमकी तीच वाट बंद होत गेली.

सोळा वर्षांच्या सुमारास त्यांजवर दुष्काळाचा घाला पडला. आई व वडील थोड्याच अंतरानें गेले. मागोमाग थोरली बहीणही गेली. राहिलीं तीं दोघें, रमाबाई व त्यांचे बंधु श्रीनिवास. पायीं प्रवास करीत, उपाशीतापाशी, हीं भावंडें १८७८ सालीं कलकत्त्यास पोहोंचलीं. तेथील पंडितांनीं ह्या वीस वर्षांच्या मुलीची विद्या पाहिली आणि तिला पंडिता व सरस्वती ह्या पदव्या दिल्या. पुढें १८८० सालीं बंधुही वारले. त्याच वर्षीं रमाबाईंनीं बिपिनबिहारी मेधावी ह्या बंगाली वकिलाशीं विवाह केला. १८८१ सालीं त्यांस मनोरमा ही कन्या झाली, आणि १८८२ च्या फेब्रुवारींत पटकीनें पतीचें निधन झालें. चोविसावें वर्षही पुरें झालें नव्हतें, तोंच आईबाप, बहीण, भाऊ व पति हीं सर्व गेलीं, आणि कडेवर एक लेंकरूं राहिलें.

त्या महाराष्ट्रांत परतल्या आणि पुण्यांत त्यांनीं आर्य महिला समाज स्थापिला. त्याच १८८२ सालीं सरकारनें नेमलेल्या हंटर साहेबांच्या शिक्षण-मंडळापुढें त्यांनीं साक्ष दिली. ह्या देशांतील स्त्रिया पुरुष वैद्यापुढें आपलें दुखणें सांगत नाहींत आणि त्यामुळें विनाकारण मरतात. करितां स्त्री-शिक्षिकांप्रमाणें स्त्री-डॉक्टरही तयार केल्या पाहिजेत, असें त्यांनीं तेथें निक्षून मांडलें. दुसऱ्यांस सांगून त्या स्वस्थ बसल्या नाहींत. आपण स्वतःच वैद्यकी शिकावी असा त्यांनीं निश्चय केला, आणि १८८३ सालीं दोन वर्षांच्या मनोरमेस घेऊन त्या आगबोटीनें इंग्लंडास गेल्या. वाँटेज गांवच्या सेंट मेरी भगिनीमंडळानें त्यांस आश्रय दिला. हिंदुस्थानांत येणाऱ्या भगिनींस त्या मराठी शिकवीत, आणि त्याच्या बदल्यांत त्यांची राहण्याची व शिकण्याची सोय होई. २९ सप्टेंबर १८८३ रोजीं मायलेकींचा तेथें बाप्तिस्मा झाला.

परंतु ज्या कामासाठीं त्या सातासमुद्रांपलीकडे गेल्या होत्या, तेंच काम त्यांच्या हातून निसटलें. त्यांचें ऐकणें कमी कमी होत चाललें होतें. वैद्याचा धंदा त्या काळीं कानांवर फार अवलंबून असे. छातीला नळी लावून ठोका ऐकावयाचा, श्वास ऐकावयाचा, रोग्याचें क्षीण बोलणें ऐकावयाचें. ज्याचे कान अधू त्यास ही विद्या देतां येणार नाहीं असें ठरलें, आणि वैद्यकीचें दार मिटलें. दुसऱ्या कांहीं उपायानें हें साधतां येईल काय, हा प्रश्न त्या काळीं कोणी विचारीत नसे. साधनेंही तशीं नव्हतीं. आम्हांस ह्या ठिकाणीं थोडें थांबावेंसें वाटतें. पुष्कळ चरित्रकार येथून घाईघाईनें पुढें जातात आणि देवानें त्यांस निराळें काम दिलें असें म्हणून समाधान मानितात. निराळें काम दिलें हें खरें. पण तें दार मिटलें तेव्हां एका विधवा तरुणीच्या मनास काय वाटलें असेल, ह्याचाही विचार आपण करावा. हानि ती हानिच. तिला लाभ म्हणणें हा दुःखी माणसाचा अपमान आहे.

आतां दुसरें दार कोणी उघडलें तें पाहूं. इंग्लंडांत चेल्टनहॅम येथें मुलींचें एक नामांकित विद्यालय होतें. त्याच्या मुख्याध्यापिका मिस डोरोथिया बील ह्या होत्या. ज्या १८५८ सालीं रमाबाई जन्मल्या, त्याच सालीं मिस बील यांनीं तें विद्यालय हातीं घेतलें होतें, आणि स्त्रियांच्या उच्च शिक्षणासाठीं त्यांनीं आपलें सर्व आयुष्य वेंचलें. १८८४ सालीं रमाबाई त्यांच्याकडे आल्या. मिस बील यांनीं कमी ऐकूं येणाऱ्या ह्या परदेशी विद्यार्थिनीस कोपऱ्यांत बसवून ठेविलें नाहीं. तिच्यापाशीं काय नाहीं हें न पाहतां काय आहे तें त्यांनीं पाहिलें. रमाबाईंपाशीं संस्कृत होतें. तें शिकविण्याचें काम त्यांनीं रमाबाईंस दिलें. रमाबाईंस इंग्रजी वाङ्मय, गणित व सृष्टिविज्ञान हवें होतें; तें शिकण्याची सोय त्यांनीं केली. अशा रीतीनें एकाच विद्यालयांत रमाबाई विद्यार्थिनीही होत्या आणि अध्यापिकाही होत्या. ज्यास आधार लागतो तो दुसऱ्यास आधार देऊंही शकतो, हें त्या विद्यालयानें दाखविलें.

आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. रमाबाईंच्या मनांत विश्वासाविषयीं अनेक कठीण प्रश्न होते. ख्रिस्ताचें देवपण, त्रैक्य, मंडळीचा अधिकार, अशा विषयांवर त्या सहजासहजीं मान डोलावणाऱ्या नव्हत्या. ह्या सर्व शंका त्यांनीं मिस बील व वाँटेजच्या भगिनी यांस लांबलांब पत्रें लिहून विचारिल्या, आणि त्यांचीं तशींच लांब उत्तरें त्यांस आलीं. हा पत्रव्यवहार १९७७ सालीं पुस्तकरूपानें छापला गेला आहे. तो पाहिला म्हणजे कळतें कीं लेखणी ही किती मोठी शाळा आहे. कानावाटे जें पुरें पोहोंचत नाहीं तें कागदावरून पोहोंचतें. मात्र लिहून उत्तर देण्याची तसदी घेणारा गुरु भेटला पाहिजे.

पुढें अमेरिकेहून निमंत्रण आलें. रमाबाईंच्या दूरच्या नात्यांतील आनंदीबाई जोशी ह्या फिलाडेल्फिया शहरांतील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयांत शिकत होत्या. ११ मार्च १८८६ रोजीं आनंदीबाईंस डॉक्टरची पदवी मिळाली, आणि तो सोहळा पाहण्यास रमाबाई तेथें हजर होत्या. जी पदवी मिळविण्यासाठीं आपण देश सोडला आणि जी आपल्या कानांमुळें आपणांस मिळणार नाहीं, ती पदवी आपल्या नात्यांतील मुलीच्या हातीं पडतांना त्यांनीं पाहिली. आनंदानें पाहिली. मत्सराचा लेश असता तर त्या एवढा समुद्र ओलांडून गेल्याच नसत्या.

अमेरिकेंत त्या दोन वर्षांहून अधिक काळ राहिल्या. तेथें त्यांनीं बालोद्यानाची, म्हणजे लहान मुलांस वस्तूंच्या द्वारें शिकविण्याची पद्धति अभ्यासिली. फ्रोबेल ह्या जर्मन गुरूनें काढलेल्या ह्या पद्धतींत मूल नुसतें ऐकून शिकत नाहीं. तें डोळ्यांनीं पाहून व हातांनीं करून शिकतें. ज्यांची विद्या एके काळीं सर्वस्वीं कानांवर उभी होती, त्या बाईंनीं आतां हात आणि डोळे यांची विद्या शिकून घेतली. कान अधू असतांनाही त्या शहरोशहरीं हिंडल्या, मोठमोठ्या सभांत बोलल्या, आणि १८८७ सालीं त्यांचें इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध झालें. त्या वर्षाच्या शेवटीं बॉस्टन येथें रमाबाई असोसिएशन स्थापन झाली आणि तिनें त्यांच्या शाळेस दहा वर्षें पैसा पुरविण्याचें पत्करलें.

त्या परत आल्या आणि ११ मार्च १८८९ रोजीं मुंबईंत चौपाटीजवळ शारदासदन उघडलें. आनंदीबाईंच्या पदवीच्या दिवसास बरोबर तीन वर्षें झालीं होतीं. पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई. ह्याच पुढें धोंडो केशव कर्वे यांच्या पत्नी झाल्या. दुसऱ्या वर्षीं सदन पुण्यास गेलें. १८९६ पासून दुष्काळ पडूं लागले, तेव्हां रमाबाई मध्य प्रांतांत जाऊन अनाथ मुली व विधवा घेऊन आल्या, आणि पुण्याजवळ केडगांव येथें मुक्तिसदन उभें राहिलें. १९०० च्या दुष्काळांत गुजराथेंतूनही शेंकडों मुली आल्या. गुजराथेंतून मुंबईकडे येणारा लोहमार्ग आपल्या बोईसर-पालघरावरूनच जातो. आज त्याच मार्गावरून आपलीं मुलें महाविद्यालयांत जातात. रोजच्या गाडीची वाट पाहतांना त्या काळच्या दुष्काळग्रस्त मुलींची आठवण आपणांस होणें योग्य आहे.

केडगांवीं सुमारें दोन हजार जीव गोळा झाले. त्यांत धडधाकट मुली होत्या, तशा आंधळ्या, अपंग व वृद्ध स्त्रियाही होत्या. दुष्काळांत आंधळ्या मुलीस कोण सांभाळणार? बहुतेक ठिकाणीं तिला वाटेवर सोडून देत. रमाबाईंनीं आंधळ्यांसाठीं निराळें गृह केलें आणि त्यास बार्तीमी सदन असें नांव दिलें. यरीहोच्या वाटेवर बसलेला तो आंधळा भिकारी आपल्या सर्वांच्या ओळखीचा आहे. त्यानें हांक मारली तेव्हां लोकांनीं त्यास गप्प राहावयास सांगितलें होतें. प्रभूनें मात्र उभें राहून त्यास बोलाविलें. रमाबाईंनीं ह्या सदनांत आंधळ्या स्त्रियांस नुसतें अन्न घातलें नाहीं; त्यांस शिकविलें. ह्या कामांत त्यांची कन्या मनोरमाबाई पुढें होत्या. त्या अमेरिकेंत शिकून आल्या होत्या, आणि त्यांनीं ब्रेल लिपीनें आंधळ्या मुलींस वाचावयास शिकविलें.

ही लिपि काय आहे तें थोडक्यांत सांगतों. लुई ब्रेल हा फ्रान्स देशांत १८०९ सालीं जन्मलेला मुलगा बापाच्या कारखान्यांत खेळतांना डोळ्याला हत्यार लागून लहानपणींच आंधळा झाला. त्यानें सहा ठिपक्यांची एक जुळणी शोधून काढली. कागदावर उठलेले ते ठिपके बोटांच्या टोंकांनीं वाचतां येतात. आपल्या मुंबईंतही १९०० सालीं अमेरिकन मराठी मिशनच्या मिस ॲना मिलार्ड यांनीं अंधांसाठीं शाळा काढली. केडगांवच्या आंधळ्या मुलींच्या हातीं ह्या लिपीनें पुस्तक आलें. एका बहिऱ्या बाईनें आंधळ्यांसाठीं घर बांधावें आणि तिच्या मुलीनें त्यांच्या बोटांस डोळे द्यावे, ही आपल्या महाराष्ट्राच्या मंडळीच्या इतिहासांतील फार मोठी गोष्ट आहे.

उतारवयांत रमाबाईंचें बहिरेपण वाढतच गेलें. पण त्यांचें सर्वांत अवघड काम ह्याच काळांतलें आहे. खेड्यांतील अल्पशिक्षित बायांस समजेल अशा सोप्या मराठींत सर्व पवित्र शास्त्र उतरवावें असें त्यांच्या मनानें घेतलें. त्यासाठीं त्यांनीं इब्री व ग्रीक ह्या मूळ भाषांचा अभ्यास केला. मुक्तींत छापखाना घातला आणि तेथील स्त्रियांसच खिळे जुळवावयास शिकविलें. वर्षानुवर्षें, कोशांच्या राशींत बसून, हें काम त्यांनीं डोळ्यांनीं आणि हातांनीं केलें. येथें कानांची गरज नव्हती. १९१९ सालीं सरकारनें त्यांस कैसर-इ-हिंद पदक दिलें. १९२१ च्या जुलै महिन्यांत मनोरमाबाई वारल्या. ५ एप्रिल १९२२ रोजीं रमाबाईही प्रभूकडे गेल्या. त्यांनीं भाषांतरिलेलें शास्त्र १९२४ सालीं छापून बाहेर पडलें. केडगांवचें मुक्ति मिशन अद्याप चालू आहे.

हें चरित्र आम्हीं आपणांस रडविण्यासाठीं सांगितलें नाहीं, किंवा पाहा, रमाबाईंनीं केलें, मग तुम्हींही करा, असें अपंग मुलांस ऐकविण्यासाठींही नाहीं. रमाबाईंसारखी बुद्धि हजारांत एकास मिळते. आमचें म्हणणें मिस बील यांच्याविषयीं आहे. दार उघडणारी एक बाई नसती, तर रमाबाईंच्या बुद्धीचा पुढें केवढा उपयोग झाला असता, हें कोणी सांगावें? कफर्णहूमांतला पक्षघाती माणूस आपल्या पायांनीं प्रभूकडे गेला नाहीं. चौघांनीं त्याची बाज उचलली. दारांत गर्दी पाहून ते परत फिरले नाहींत. त्यांनीं छप्पर उस्तरलें. आणि प्रभूनें त्या चौघांचा विश्वास पाहिला, असें शुभवर्तमानकार सांगतो. आपल्या मंडळींत अशा मुलाची बाज उचलणारे चौघे आहेत काय, एवढाच आमचा प्रश्न आहे.

रमाबाईंच्या काळीं दार उघडणें हें एखाद्या मिस बीलच्या दयेवर होतें. आज तें कायद्यानें ठरलें आहे, आणि हें आपल्या उपदेशकांस ठाऊक असलें पाहिजे. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा २०१६ सालीं झाला आणि १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. त्यांत एकवीस प्रकारचीं दिव्यांगत्वें मोजिलीं आहेत. सरकारी व सरकारी अनुदान घेणाऱ्या उच्च शिक्षणाच्या संस्थांनीं निदान शेंकडा ५ जागा, ज्यांचें दिव्यांगत्व शेंकडा ४० किंवा अधिक आहे अशा विद्यार्थ्यांसाठीं राखून ठेवावयाच्या आहेत. प्रवेशाच्या वयांतही पांच वर्षांची सवलत आहे. परीक्षेंत लेखनिक म्हणजे उत्तरें लिहून घेणारा मिळूं शकतो. केंद्र शासनाच्या २०१८ च्या नियमांत दर तासास निदान २० मिनिटें जादा वेळ ठरविला होता. म्हणजे तीन तासांच्या पेपरास पुरा एक तास अधिक. वैद्यकीचें जें दार रमाबाईंसाठीं मिटलें, त्याविषयींही देशाच्या सर्वोच्च न्यायालयानें २०२४ सालीं एका वाचादोष असलेल्या विद्यार्थ्याच्या प्रकरणांत निर्णय दिला. दिव्यांगत्वाचा आंकडा मोठा आहे एवढ्याच कारणानें डॉक्टरीचा प्रवेश नाकारतां येणार नाहीं. विद्यार्थी तो अभ्यास करूं शकेल कीं नाहीं हें तज्ज्ञांनीं नीट तपासून पाहावें, असें न्यायालयानें ठरविलें. आवाज मोठा करणारी व ठोक्याची रेघ पडद्यावर दाखविणारी नळीही आतां निघाली आहे. जो प्रश्न रमाबाईंच्या वेळीं कोणी विचारीत नसे, तो आज विचारावाच लागतो.

परंतु कायदा कागदावर असतो. पाड्यापर्यंत तो आपल्या पायांनीं चालत येत नाहीं. म्हणून मंडळीनें काय करावें तें सांगतों.

पहिली गोष्ट, प्रमाणपत्र. दिव्यांगत्वाचा दाखला व ओळखपत्र नसेल तर बाकीच्या सवलती बहुधा मिळत नाहींत. त्यासाठीं स्वावलंबन नांवाच्या सरकारी संकेतस्थळावर अर्ज करावा लागतो, आणि सरकारी रुग्णालयांत तपासणीस जावें लागतें. अक्षरओळख नसलेल्या आईबापांस हें जड जातें. उपदेशकानें स्वतः बसून अर्ज भरून द्यावा, आणि तपासणीच्या दिवशीं बरोबर जावें. बारावीच्या निकालापर्यंत थांबूं नये. प्रवेशाच्या धांदलींत हा कागद मिळत नाहीं आणि वर्ष वायां जातें.

दुसरी गोष्ट, विचारणें. पालघर असो, बोईसर असो, किंवा मुंबई असो, महाविद्यालयांत प्रवेश घेतेवेळींच विद्यार्थ्याची अडचण लेखी कळवावी आणि अर्जाची पोंच घ्यावी. ज्यास कमी ऐकूं येतें त्यानें पुढच्या बांकावर जागा मागावी. अध्यापकांनीं फळ्याकडे तोंड करून न बोलतां वर्गाकडे पाहून बोलावें आणि टिपणें लेखी द्यावीं, अशी विनंति करावी. ज्याचे पाय अधू आहेत त्याचा वर्ग तळमजल्यावर घ्यावा असें सुचवावें. ज्यास दिसत नाहीं त्यानें पुस्तकें ऐकण्याच्या किंवा ब्रेलच्या रूपांत मागावीं. लेखनिकाची मागणी परीक्षेच्या आदल्या दिवशीं करून चालत नाहीं. सत्राच्या आरंभींच परीक्षा-विभागांत चौकशी करावी, कारण लेखनिकाचे नियम वेळोवेळीं बदलतात. हें सर्व मागणें म्हणजे भीक मागणें नव्हे. मिस बील यांनीं रमाबाईंस दिलें तें दान असेल. आज तें मुलाचें स्वतःचें आहे.

तिसरी गोष्ट, सोबत. गाडींत अपंगांसाठीं निराळा डबा असतो हें खरें. पण पाड्यावरून स्टेशनापर्यंत कोण पोहोंचविणार? मंडळींतील ज्या तरुणाजवळ दुचाकी आहे त्यानें आठवड्यांतून एक दिवस वांटून घेतला, तर सहा तरुणांत एका मुलीचें वर्ष सुखानें पार पडेल. ज्यांस वाचतां येतें त्यांनीं आंधळ्या विद्यार्थ्यास संध्याकाळीं तासभर पुस्तक वाचून दाखवावें. हीं लहान कामें आहेत. पण बाज उचलणाऱ्या चौघांनीं तरी ह्याहून निराळें काय केलें? एकेक कोपराच उचलला.

आणि शेवटची गोष्ट उपदेशक बंधूंसाठीं. ज्या घरीं असें मूल आहे तेथें जाऊन त्याच्या दुखण्याचें कारण शोधीत बसूं नका. शिष्यांनीं जन्मांधाविषयीं तोच प्रश्न केला होता, आणि प्रभूनें त्यांची समजूत दुरुस्त केली. त्या घरीं जाऊन प्रार्थना अवश्य करा. पण प्रार्थनेनंतर अर्जही भरा. मूल बरें व्हावें म्हणून आपण पुष्कळ वर्षें प्रार्थना करितों, आणि मूल तसेंच असलें म्हणजे त्याला शिकवावयाचें विसरून जातों. रमाबाईंचे कान प्रभूनें उघडले नाहींत. त्यांनीं त्या कानांसकट प्रभूची सेवा केली, आणि महाराष्ट्रांतील हजारों स्त्रियांस ती अद्याप पुरली आहे.

ह्या जून महिन्यांत महाविद्यालयें उघडतील तेव्हां आपल्या मंडळीच्या पटावर नजर फिरवा. एखादें नांव राहून गेलें असेल. वाटेच्या कडेला बसून तें मूल हांक मारीत असेल, आणि त्याला गप्प करणाऱ्यांत आपणच नसावे, एवढी कृपा प्रभु आपणां सर्वांवर करो.